एका चुलीचा हिवाळा

बिश्केक, ६ जानेवारी २०१०

प्रिय एजे,

नारिनला निघालेल्या एर्मेकच्या गाडीतून हे पत्र, तांदूळ, चहा आणि तुझ्या भावजयीनं, गुलसारानं विणलेले लोकरी मोजे पाठवतो आहे. मोजे पायात घाल. पाहुण्यांना दाखवायला पेटीत ठेवू नकोस.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना? मी विचारलं, "तब्येत कशी आहे?" तू म्हणालीस, "मेंढी नाही विकली अजून." मी म्हणालो, "एजे, तब्येत, तब्येत!" तू म्हणालीस, "सांगितलं ना, वसंतात विकणार." मग दोघांनी हसून फोन ठेवला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तू सगळ्या नारिनचं बोलणं ऐकलंस. माणसाला ऐकायचा कोटा असतो बहुतेक, तुझा तिथंच संपला. तेव्हा पत्रच बरं.

खरं विचारायचं ते विचारतो. एक तारखेपासून विजेचा दर दुप्पट झालाय, तुला कळलंच असेल. डेपोत दुसरा विषय नाही. आम्ही ट्रॉलीबस चालवणारे, विजेवर पोट असलेली माणसं. आम्हीच घरी गेल्यावर दिवे मालवत फिरतो. जुलैत आणखी वाढणार म्हणतात. तुझ्या घरात तीन हीटर आणि बाहेर नारिनची थंडी. कसं निभावते आहेस? तू इकडे ये. मार्चपर्यंत राहा. जागा भरपूर आहे, घर उबदार आहे, बेगिमाय तर रोज विचारते, मोठी आत्या कधी येणार म्हणून.

एर्मेक गुरुवारी परत निघतो. त्याच्याकडे उत्तर दे.

तुझा,
मेदेर

*

नारिन, १४ जानेवारी

मेदेर,

तांदूळ मिळाला, चहा मिळाला. मोजे घातले आहेत, आधीच्या दोन जोड्यांवर. गुलसाराला सांग, टाच छान वळवली आहे.

मी अगदी मजेत आहे. घर गरम आहे. बिल आता वाढणार, पण जमेल. मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? नदी आपली. आपल्या दारापुढून जाते. खाली जाऊन धरणात पडते, तिची वीज होते, आणि महाग होऊन तारेवरून परत आपल्याच दारी येते. पोरगी सासरी जाऊन तोऱ्यात माहेरी आल्यासारखी. काल दुकानात हे बोलले तर सगळे हसले. हसून झाल्यावर सगळ्यांनी मेणबत्त्या घेतल्या.

शेजारची उम्सुनाय तशीच. पहाटे तिचं धुराडं सुरू होतं ते दिवस मावळला तरी थांबत नाही. इतकी वर्षं दर सोमवारी सांगते आहे, बाई, माझं पांढरं धुणं काळं होतं. नगरपालिकेत अर्ज दिला तरी फरक नाही. मला वाटतं, मला चिडवायलाच ती कोळसा जाळते.

बिश्केकला यायचं काढू नकोस. पाचव्या मजल्यावर मी काय करू? घर रिकामं ठेवलं तर नळ फुटतील. आणि मेंढी कोण सांभाळणार? बेगिमायला वाळवलेल्या दह्याचे गोळे, कुरुत, पाठवते आहे. एकदम चावू नकोस म्हणावं, दात जातील. चघळायचं.

पोटभर खात जा.

कुलीपा

*

बिश्केक, २४ जानेवारी

प्रिय एजे,

पत्र वाचलं. गुलसारानं वाचलं, बेगिमायनं वाचलं, सगळे हसले. मग मी पुन्हा एकट्यानं वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

एजे, तू पेन्सिलनं का लिहिलंस?

मला शाळेत असताना तूच मारायचीस पेन्सिलनं लिहिलं म्हणून. "पेन्सिल पुसता येते, म्हणून लोक तिनं खोटं लिहितात," असं म्हणायचीस. आजवर तुझं प्रत्येक पत्र निळ्या पेनाचं. डेपोत सकाळी सहीच्या वहीपाशी आम्ही पेन घासत बसतो, फुंकर मारतो, काखेत धरतो. शाई गोठलेली असते. मग दोरीला बांधलेल्या पेन्सिलनं सही करतो. तसंच झालं ना? तुझ्या खोलीत शाई गोठते आहे, आणि तू लिहितेस घर गरम आहे. शिवाय तीन-तीन मोजे!

तू खोटं लिहिलंस, तर माझंही ऐक. आमच्याकडे जागा भरपूर नाही आणि घर उबदारही नाही. पुढच्या खोलीचं दार आम्ही चादरीनं बंद केलंय. तिघंही स्वयंपाकघरात झोपतो. गुलसारा शिवणाचं मशीन तिथंच चालवते, बेगिमाय तिथंच अभ्यास करते. आता तू पण ये. चौघं झालो तर आणखी ऊब. थट्टा नाही, खरंच ये.

एकच मागतो. काहीही कर, पण कोळसा पेटवू नकोस. मला लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी सहा वर्षांचा होतो. तू रात्रपाळीला निघालीस आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून वैतागून मला बरोबर नेलंस. एक्स्चेंजमध्ये कोटांच्या ढिगावर झोपवलंस. आई घरी एकटीच होती. ऊब जाऊ नये म्हणून तिनं चुलीच्या धुराड्याची झडप लवकर लावली. निखारे अजून धुमसत होते. त्या विषारी वायूला धूर नाही, वास नाही; माणूस झोपेतच जातो. सकाळी तू मला दारात उभं केलंस आणि म्हणालीस, "इथंच थांब." तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मग तूच ती चूल फोडून विटा अंगणाबाहेर टाकल्यास. माझ्या घरात पुन्हा चूल नाही, म्हणालीस. तो शब्द मोडू नकोस. पैसे मी कुठूनही आणीन.

खरं काय ते लगेच लिही. पेन काखेत धर, पण पेनानंच लिही.

मेदेर

*

नारिन, ३ फेब्रुवारी

मेदेर,

बघ, पेनानं लिहिते आहे. आता तरी विश्वास बसेल.

पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर एर्मेकच्याच हातानं परत करीन. मी उबेत आहे, हे खरं आहे. कसं, ते आत्ता विचारू नकोस. सांगायची मला लाज वाटते. जरा सवय झाली की सविस्तर लिहीन.

इकडे येण्याचा विचारही करू नकोस. डोलोन घाटात बर्फ पडतंय, गाड्या अडकतात. तू तुझी ट्रॉलीबस सांभाळ.

चौघांनी एका स्वयंपाकघरात झोपायचं म्हणे! गुलसारानं अजून तुला लाथ मारून बाहेर कसं काढलं नाही, याचंच नवल वाटतं. तुझं घोरणं मला बहिरी असून ऐकू यायचं.

कुलीपा

*

बिश्केक, १४ फेब्रुवारी

प्रिय एजे,

दोन दिवस तुझ्यासमोर होतो, पण हे सांगता आलं नाही. तुझ्या कानाशी ओरडावं लागलं असतं आणि उम्सुनाय आपांनी सगळं ऐकलं असतं. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

तुझं तीन तारखेचं पत्र उघडलं आणि कोळशाचा वास आला. गुलसारा म्हणाली, "एर्मेकच्या गाडीचा असेल." मी कागद नाकाशी धरला. एजे, तो वास मी कसा विसरेन? "उबेत आहे", "कसं ते विचारू नकोस", "लाज वाटते". मला वाटलं, झालं. हिनं कुठून तरी मोडकी चूल आणली, एकटी आहे, कान नाहीत, कोणी दार वाजवलं तरी कळणार नाही. सकाळी डेपोत रजा टाकली आणि पहिल्या गाडीत बसलो.

घाटाखाली गाड्या थांबवल्या होत्या. खानावळीत बसलो. बाईनं मांसाचा रस्सा पुढ्यात ठेवला, त्यावर चरबीची साय धरली, तरी चमचा उचलवेना. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कोणी गेलं का, पोरा?" मी त्याच्यावरच ओरडलो. नंतर माफी मागितली. त्यानं माझा रस्सा खाल्ला.

घरी पोचलो तर पायरीवर ताजं बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही. दार बंद. तुला ऐकू येणार नाही हे माहीत असून बडवत राहिलो. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ चढलेलं. मग कोपरानं स्वयंपाकघराची काच फोडली आणि आत चढलो.

बादलीतलं पाणी दगड झालेलं. आणि पलंगावर गोधड्यांचा ढीग, उंच, आत कोणी गुडघे पोटाशी घेऊन निजलं असावं तसा. मी हाका मारल्या. मग वेड्या, हिला ऐकू येत नाही, असं स्वतःला सांगितलं. मग एकेक गोधडी उचलली. सावकाश उचलली, एजे. घाई करवेना. एक उचलेपर्यंत वाटायचं, अजून काही बिघडलं नाही. शेवटची उचलली तेव्हा खाली गादी होती. फक्त गादी.

मी तिथंच खाली बसलो. तेवढ्यात पाठीत लोखंडी सळई बसली.

"चोरा! त्या घरात चोरायला बर्फाशिवाय काय आहे?"

"मी मेदेर! कुलीपाचा भाऊ!"

"भाऊ असता तर दारानं आला असता!"

"दार बंद आहे, आपा! एजे कुठंय?"

उम्सुनाय आपांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून पाहिलं, डोळे बारीक करून. मग सळई खाली केली. "नाक तिचंच आहे. माझ्याकडे आहे ती. पीठ मळते आहे आणि मला अक्कल शिकवते आहे. चल."

पुढचं तुला माहीत आहे. पण तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून एवढं माहीत नसेल: मी दारात बराच वेळ उभा होतो. तुझ्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. बाह्या वर! खोलीत इतकी ऊब होती की तुझी मान घामेजली होती. मी आयुष्यात घाम बघून इतका खूश झालो नव्हतो. मग तू वळलीस आणि काय म्हणालीस? "दार लाव, थंडी येते आहे." आणि मग, "रडतोस कशाला? भूक लागली का?"

हो, लागली होती. घाटापासूनची.

पण तू, चुलीजवळ? आणि तीही उम्सुनाय आपांच्या? ज्या धुराड्याविरुद्ध तू अर्ज दिलास त्याच्याच खाली? समोर असताना विचारलं तेव्हा तू "बोर्सोक खा" म्हणत तळलेला गोळा तोंडात कोंबलास. आता लिही.

मेदेर

(पाठ अजून दुखते. आपांना सांगू नकोस, खूश होतील.)

*

नारिन, २२ फेब्रुवारी

मेदेर,

सांगितलं मी उम्सुनायला. खूश झाली.

आता ऐक. डिसेंबरचं बिल जुन्या दराचं, तेच जड होतं. जानेवारीचे आकडे मी मीटरवर रोज बघत होते. चक्र असं फिरायचं की घेरी यावी. आधी एक हीटर बंद केला. मग दुसरा. मग तिसरा फक्त निजताना. मग तोही नाही. तुला कळवलं नाही, कारण तू पैसे पाठवले असतेस. आणि "घर उबदार, जागा भरपूर" लिहिणाऱ्याच्या पत्रावर तेलाचे डाग होते, कढईतले उडालेले. तुम्ही स्वयंपाकघरालाच चिकटून राहता हे मला पहिल्याच पत्रात कळलं. तू एकटाच हुशार नाहीस.

दिवसभर अंथरुणात असायची. मेंढीला चारा घालायला उठायचं, पुन्हा आत. धुणं काढलं नाही, पाणी गोठायचं. एका सोमवारी कोणीतरी गोधडी ओढली. डोळे उघडले तर उम्सुनाय. दाराला आतून कुलूप लावायचंही मी सोडलं होतं बहुतेक.

ती ओरडली, म्हणजे तोंडावरून वाटलं ओरडते आहे, "दोन सोमवार झाले, शिवी ऐकली नाही! मला वाटलं मेलीस!"

मी म्हटलं, "घसा बसलाय."

तिला हल्ली नीट दिसत नाही, डोळ्यांवर पडदा आलाय. तिनं हातानं भिंत चाचपली, बादली चाचपली. मग माझा गाल. मग म्हणाली, "ऊठ."

"कुठं?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे चूल आहे."

"मग काय उन्हाळा असेल वाटलं होतं तुला?"

मी म्हटलं, मी चुलीपाशी झोपणार नाही, मेले तरी. तर ती पलंगावर बसली. माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कानाशी तोंड आणून बोलली, सावकाश. एक शब्द सुटला नाही.

"कुलीपा, तुझ्या आईला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांत मी होते. नवी नवरी होते, मला पाणी ओतायला बसवलं होतं. तू बाहेर पोराचा हात धरून उभी होतीस. तुला आठवत नसेल कोण कोण होतं. त्या दिवसानंतर मी एकदाही झडप लावली नाही. एकदाही नाही. सासू ओरडली, नवरा ओरडला, दुप्पट कोळसा जळतो म्हणाले. जळू दे म्हटलं. म्हणून तर इतका धूर येतो तुझ्या धुण्यावर."

मेदेर, इतकी वर्षं मी त्या बाईला शिव्या दिल्या. सोमवारच्या सोमवार. आणि तिनं एकदाही हे सांगितलं नाही. मी विचारलं, "का नाही बोललीस?" तर म्हणाली, "तू बोलू कुठं देतेस?"

मग उठले. तिनं माझं कपड्यांचं बोचकं ओढत नेलं, मी उशी घेतली. एवढंच नेलं, गादी-गोधड्या तिच्याकडे होत्या.

आता लाज कशाची ते कळलं ना. तिच्या घरी राहायला आले ते तुला कोणत्या तोंडानं लिहू? तीन तारखेला लिहिलं तेव्हा मी तिथं नवीनच होते. दाराजवळ बसायची, कोट घालून, दार बोटभर उघडं ठेवून. उम्सुनाय म्हणायची, "अंगण तापवायला कोळसा आणलाय का मी?" मी म्हणायची, "असू दे." ती दार लावायची, मी उघडायची. रात्री उठून उठून झडप बघायची. उघडी आहे ना? उघडी. पुन्हा झोपायची, पुन्हा उठायची. तिला चाहूल लागायची. एकदा फक्त म्हणाली, "उठतेच आहेस तर कोळसाही घाल."

अजून उठते. पण कोट काढलाय.

बरं चाललंय आमचं. तिला निखारा लाल की काळा ते दिसत नाही, मला दिसतो. दूधवाला आला ते मला ऐकू येत नाही, तिला येतं. संध्याकाळी मी पेपर मोठ्यानं वाचते, ती म्हणते इतकं मोठ्यानं नको, बाजारापर्यंत जातंय. विजेच्या बिलात गेली असती ती पेन्शन आता दोघींच्या कोळशात जाते, वर थोडं मांसही येतं. मेंढी तिच्याच गोठ्यात बांधली आहे. तिच्या गाईनं पहिल्या दिवशी शिंग दाखवलं, आता दोघी एकाच गव्हाणीत खातात.

तू गोधड्या उचलल्यास, ते वाचून मी बाहेर जाऊन बसले थोडा वेळ. मला लिहायला हवं होतं. पुढच्या वेळी खरंच लिहीन, लगेच.

काचेच्या जागी पुठ्ठा लावलाय. चालेल वसंतापर्यंत.

कुलीपा

*

बिश्केक, ७ मार्च

प्रिय एजे,

तुझं पत्र गुलसाराला वाचून दाखवलं. ती मशीन थांबवून ऐकत होती. शेवटी उठली, शेजारच्या दाराशी गेली. तिथं एक तरुण जोडपं राहतं, तान्हं मूल आहे. आमची ओळख जिन्यातल्या "नमस्कार"पुरती. ही म्हणाली, "दिवसभर दोन स्वयंपाकघरं तापवून काय करायचंय? बाळाला घेऊन या." आता ती पोरगी रोज बरोबर असते. गुलसारा शिवते, ती काजं करते, बाळ भांडी वाजवतं. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. मी कामावरून आलो की आधी कान लावतो, भांडी कुठल्या दारामागे वाजताहेत, आणि त्या घरात जेवायला जातो. परवा चुकून तिसऱ्याच दारात शिरणार होतो.

डेपोत पुन्हा दराचीच चर्चा. तुमच्याकडे चौकात माणसं जमली होती असं ऐकलं. तू गेली नव्हतीस ना? थंडीत उभी राहू नकोस.

मे महिन्यात आम्ही तिघंही येतो. काचेचं मी बघतो. आणखी काय आणू ते सांग. लाजू नकोस. उम्सुनाय आपांनाही विचार.

मेदेर

*

नारिन, २३ मार्च

मेदेर,

नोरुझचा नववर्षाचा सण गोड झाला. हे पत्र उम्सुनाय सांगते आहे, मी लिहिते आहे. ती म्हणते, "मी सांगेन तेच लिही, तुझं घुसडू नकोस." बघू.

पोरा मेदेर, तुझ्या पाठीला लागलं म्हणे. दिसत नाही म्हणून नेम चुकला, डोक्यावर मारणार होते. (हे ती अभिमानानं सांगते आहे.)

ऐक, मीटरवाला आला होता. कुलीपाच्या घरी गेला, कोणी नाही. मग माझ्याकडे आला. तरणा, हातात फाईल. म्हणतो, "मीटर दोन महिने हललंच नाही. याचा अर्थ तुम्ही खांबावरून आकडा टाकून वीज चोरता." मी म्हटलं, "हिचं वय बघ, माझे डोळे बघ. खांबावर कोण चढणार, आमची गाय?" तो कुलीपाला विचारतो, "आजी, तुम्ही वीज वापरता की नाही?" कुलीपा म्हणते, "मेंढी नाही विकायची." (खोटं आहे. मी असं म्हणाले नाही. मेदेर, ही कायम असंच सांगते.) शेवटी मी त्याला हात धरून तिच्या घरात नेलं आणि बादली दाखवली, अजून बर्फच होतं आत. त्यानं बर्फाला बोट लावून पाहिलं. मग टोपी काढून म्हणाला, "माझी आई पण एकाच खोलीत राहते यंदा." मग त्याला चहा दिला, नोरुझचा गव्हाचा रांधा दिला. बिलावर काहीतरी लिहून गेला. कुलीपानं वाचलं, "रहिवासी नाहीत." मी म्हटलं, आहेत की, दोन भिंती सोडून आहेत.

आता खरं सांगायचं ते. ही तुला लिहिणार नाही, म्हणून मी सांगते, आणि हिला लिहायलाच लावणार. (लिहिते आहे. माझा हात धरून बसली आहे.)

परवा सकाळी मी उठले. चूल पेटवली. गाईची धार काढली. चहा झाला, भाकरी भाजून झाल्या. कुलीपा उठली नाही. रोज माझ्याआधी उठते आणि रात्री चारदा उठते, ती उठली नाही. मला नीट दिसत नाही, माहीत आहे ना तुला. मी तिच्या अंथरुणापाशी गेले आणि तिच्या तोंडाशी हात धरला. भाकरी भाजून हात इतके तापले होते की श्वास लागतो की नाही तेही कळेना. मग गदागदा हलवलं. तर ही म्हणते, "काय झालं गं? झोपू दे की जरा." आणि कूस बदलून पुन्हा झोपली. पोरा, सूर्य खिडकीत येईपर्यंत झोपली. मी शेजारी बसून भाकरीचे तुकडे खात होते आणि रडत होते, आणि ही घोरत होती. घोरणं तुमच्या घराण्यातच आहे.

बस. उम्सुनायचं संपलं.

मेदेर, आता मी. ते खरं आहे. एकदाही उठले नाही. का, ते मला माहीत नाही. निजताना झडप बघायलाच विसरले.

काय आणू विचारलंस. उम्सुनायच्या घराचं छप्पर ओल धरतं, पुढचा हिवाळा तिथं निघायचा नाही. माझ्या भिंती जाड आहेत, खोल्या कोरड्या. म्हणून असं ठरलं आहे की पुढच्या हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला येणार. विटा इथं मिळतील, गवंडी तिच्या ओळखीचा आहे. चूल मोठ्या खोलीत बांधायची, जागा मी खडूनं आखून ठेवली आहे. धुराड्याची नळी मात्र इथली चांगली नसते, एका हिवाळ्यात गंजते. येताना बिश्केकहून तेवढी आण. जाड पत्र्याची बघ. झडप लावू नकोस म्हणावं दुकानदाराला, आम्हाला लागत नाही.

आता थांबते. उम्सुनाय मघापासून काहीतरी सांगते आहे. मला ऐकू येत नाही, पण टेबल हलायला लागलंय.

कुलीपा